रिकाम्या करवंट्या : अंगणवाडी सुधारायची तर सुरुवात कुठून?

गेल्या महिन्यात दोन नवीन सेविका माझ्या घरी आल्या. एकीची अंगणवाडी सड्यावर, दुसरीची खाली बंदराच्या वाडीत. चहा उकळेस्तोवर एकीने मोबाइल पुढे केला. भिंतीवर जिराफ, फुलपाखरं, एबीसीडीची आगगाडी. रंगकाम खरंच सुरेख होतं. फोटोत मुलंही होती. तीन रांगा, हाताची घडी, तोंडावर बोट. "ताई, अजून काय सुधारू?" ती विचारत होती आणि माझी नजर त्या बोटांवर अडकली होती.

देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या कडेला मच्छीमारांच्या एका गाबीतवाडीत मी २९ वर्षं अंगणवाडी चालवते आहे. पहिली बारा-तेरा वर्षं माझ्या वर्गाचा फोटो काढला असता तर तोही असाच निघाला असता. मुलं गप्प, बाई मोठ्याने सांगतायत, तपासणीला आलेल्या मॅडम खूश. त्या दोघींना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. बालवाडी, पाळणाघर, खासगी नर्सरी चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. रंगकामाबद्दल यात काही नाही.

आधी दोन दिवस मोजा

कपाटाच्या वरच्या फळीवर मुलांइतक्या करवंट्या मांडा. प्रत्येकीवर एक खूण करा: छत्री, बांगडा, होडी, जास्वंद. कुठली खूण कुणाची ते मदतनिसाला पाठ हवं. शेजारी चिंचोक्यांचा डबा ठेवा. आता नियम एकच. मूल तुमच्याशी काही बोललं आणि तुम्ही ते ऐकून त्यावर बोललात, की मदतनिसाने त्याच्या करवंटीत एक चिंचोका टाकायचा. "हो", "नाय", "सू इली" मोजायचं नाही. "बस", "गप रव", "चप्पल नीट लाव" तर नाहीच नाही. सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली कविताही धरायची नाही. तुम्ही रोज वागता तसंच वागा. मोजणी आहे म्हणून गोड बोलू नका, नाहीतर सगळं फुकट.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पटावर २२ मुलं होती. मुलं घरी गेल्यावर करवंट्या खाली काढल्या. नऊ रिकाम्या. तीन शिगोशीग भरलेल्या, आणि त्या तिन्ही कोणाच्या ते न बघता सांगता आलं असतं: एक रडणारा, एक मारणारा आणि एक सरपंचांचा नातू. एका मुलीच्या करवंटीत एकच चिंचोका होता, तोही तिने पाणी सांडलं तेव्हाचा. तिची आई मला नेहमी सांगायची, "बाईनु, आमचा चेडू एकदम शांत, तुमका काय त्रास नाय." खरंच नव्हता. चार तासांत मी तिच्याशी एकदाच बोलले होते, आणि ते फडक्याबद्दल.

मला वाटलं, मदतनीस काकींचं मोजताना चुकलं. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. आठ रिकाम्या.

त्याआधी मी किती प्रशिक्षणं घेतली होती! बालकाचा सर्वांगीण विकास यावर मी स्वतः भाषण देऊ शकले असते. पण मूल बोलतं ते कुणीतरी त्याच्याशी बोलतं म्हणून, आणि माझ्या वर्गातली नऊ मुलं दिवसभर मुक्याने बसून घरी जात होती. तेव्हापासून मला कुणी गुणवत्ता म्हटलं की आधी त्या करवंट्या आठवतात.

(चिंचोके फळीवरच ठेवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती चिंचोका म्हणजे घशात अडकायला आमंत्रण. आमच्याकडे धाकटी भावंडं सोबत येतात, म्हणून सांगून ठेवते.)

रिकाम्या करवंटीवाल्यांपाशी बसा

सगळी मुलं एकदम धरायला जाऊ नका. आठवड्याला तीन घ्या. मुक्त खेळाच्या वेळात त्यांच्याशेजारी जमिनीवर बसायचं. उभं राहून वाकायचं नाही, सरळ मांडी घालायची. गुडघे दुखत असतील तर पाट घ्या, मीही घेते. पहिल्या दिवशी काही विचारायचंसुद्धा नाही. ते जे करतंय ते फक्त शब्दांत सांगायचं: "मोठी शिंपली खाली ठेवलीस. तिच्यावर लहान." मूल वर बघतं. पुष्कळ झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा प्रश्न. आणि प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजा. सगळ्यात कठीण काम हेच आहे. आपण सेकंदभर थांबतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो, नाहीतर शेजारच्या हुशार पोराकडे वळतो. पाच अंक फार लांब वाटतात. चौथ्या अंकाला मुलाचे ओठ हलतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मला त्याची गंमत वाटते.

अजून एक सवय मोडावी लागली, "छान!" म्हणायची. ठोकळ्यांची रांग लावून एक मुलगा म्हणाला, "बाय, होडी." पूर्वी मी "अरे वा, छान!" म्हणून पुढे गेले असते. तो गप्प, मीही मोकळी. त्या दिवशी विचारलं:

"खंय चालली होडी?"

"मासे हाडूक."

"कोण कोण आसत होडयेत?"

"पप्पा. नि काको. नि तो नेपाळी."

"आणि वारो सुटलो तर?"

पाच अंक झाले, सात झाले. मग म्हणाला, "तर पप्पा आवशीक फोन करतलो. आवस देवाकडे दिवो लावतली." आणि दोन ठोकळे उचलून त्याने घर केलं, घरात एक चिंधी ठेवली, ती आई.

चार वर्षांच्या पोराचं एवढं सलग बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यात कारण आहे, काळजी आहे, पुढचं मागचं आहे. आकार आणि रंग शिकवायला आपण महिने घालवतो. इथे विचार करायला शिकणं समोर चाललेलं होतं, आणि माझं काम फक्त "छान" न म्हणण्याचं होतं.

घरची भाषा दाराबाहेर काढून ठेवायला लावू नका

वरचं बोलणं मालवणीत झालं म्हणूनच झालं. सुरुवातीला मी पोरांना सुधारायची. "माका नाही, मला म्हण. हाडूक नाही, आणायला." मूल दोन-तीनदा सुधारलं गेलं की बोलणंच बंद करतं, वर आपण म्हणतो लाजाळू आहे. आता मूल मालवणीत बोललं की मी मालवणीत उत्तर देते, आणि त्याच वाक्यात शाळेचा शब्द सहज पेरते. "झाडार कावळो बसलो? हो, झाडावर कावळा बसलाय, काळा कुळकुळीत." सुधारत नाही, शेजारी ठेवते. पहिलीला जाईपर्यंत दोन्ही येतात.

पालकांना हे पटवणं जड जातं. "घरात मालवणी आसाच, तिकडे तरी शुद्ध शिकवा." त्यांना मी सांगते की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि लहान वयात घरच्या भाषेवर भर दिलाय. धोरणाचं नाव घेतलं की निम्मे पालक गप्प होतात. उरलेल्यांना मी एक दिवस वर्गात बसवून घेते.

तक्त्यांचंही तेच. आमच्या वाडीतलं चार वर्षांचं पोर बांगडा, पेडवे, तारली, मोरी, सुंगटं डोळे झाकून ओळखेल, आणि तक्त्यावर "मासा" एवढाच एक शब्द, तोही सोनेरी मासा! मी मासळी बाजारातले फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले. पहिल्याच दिवशी भांडण: हा पेडवा की तारली. भांडताना एकाने सांगितलं की बारकाईने बघ, अंगावरचे ठिपके बघ. वर्गीकरण म्हणून अभ्यासक्रमात जे लिहिलेलं असतं ते याहून वेगळं काय असतं?

आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, बागेतल्या मांगरात राहतात, पावसाच्या तोंडावर जातात. त्यांची मुलं पटावर घ्या, आहारापुरती घेऊन कोपऱ्यात बसवू नका. एका वर्षी साडेतीन वर्षांची मुलगी आली, पंधरा दिवस दाराला धरून उभी. मी तिच्या आईकडून पाच शब्द लिहून घेतले: आमा, पानी, भात, पिसाब, दुख्यो. पहिल्या दिवशी "दुख्यो?" विचारलं तर तिने गुडघा पुढे केला. तीन दिवसांची जखम होती. पाच शब्दांवर भागतं, पण ते आपल्याला यायला हवेत.

साहित्य: काय आणायचं, काय चुकूनही नाही

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेच्या टोकाला. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्याच. परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, काड्या, मातीची भांडी वापरली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा "आमच्याकडे किट आलं नाही" हे कारण मला कुणी देऊ नये. किट आलं तरी काय होतं ते मी बघितलंय. प्लॅस्टिकसकट कपाटात, कुलूप, किल्ली पदराला. "खराब झालं तर तपासणीला काय दाखवू?" अहो, वापरून झिजलेला ठोकळा दाखवा. मी माझ्या कपाटाचं कुलूप काढून टाकलं. दोन वर्षांत तीन कोडी हरवली, एका बाहुलीचा हात गेला. तो हात अजून डॉक्टर-डॉक्टर खेळताना लागतो.

आपल्याकडे करवंट्या, सुपारीच्या झाडाची विरी, माडाच्या झावळीचे हीर, पुळणीवरचे शिंपले, जाळ्याचे बुचाचे जुने गोळे, चिऱ्याचे घासलेले तुकडे, नदीतले गोटे, कापडाच्या चिंध्या असं सगळं फुकट मिळतं. पुळण म्हणजे तर जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं टेबल. पण कोकणात निसर्गातून उचललेलं सगळंच निरुपद्रवी नसतं, आणि हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

गुंजा दिसायला सुंदर. लाल, वर काळा ठिपका. मोजायला मस्त म्हणून बरेच जण आणतात. गुंजेच्या आत जबरदस्त विष असतं, फुटलेली बी पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. अंगणवाडीत गुंज नकोच. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो, तरी त्याही नकोत, त्यांचा परिणाम थेट हृदयावर होतो. कुंपणाला मोगली एरंड लावलेला असतो, त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि ओकत सुटतात. तुमच्या अंगणवाडीच्या कुंपणाला असेल तर ग्रामपंचायतीच्या मागे लागून उपटून टाका. कच्च्या काजूबियांच्या सालीत तेल असतं, त्याने कातडी भाजते. कालवांची शिंपली ब्लेडसारखी कापते. तिसऱ्या नावाच्या मासळीची चालतात, उकळून, कडा बघून.

मांडताना सगळं एकदम बाहेर काढू नका. चार कोपरे पुरे, दर सोमवारी एक कोपरा बदला. आणि मुक्त खेळाला खरोखरच पाऊण तास द्या. पंधरा मिनिटांत मूल खेळ जेमतेम ठरवतं, आणि आपण "चला, आवरा" म्हणतो.

मदतनीस ही दुसरी बाई आहे

२०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या १० मुलांमागे एक असं प्रमाण दिलंय. माझ्याकडे २२ मुलं, शिवाय मागे लागून येणारी धाकटी. मी एकटी शिकवणार आणि काकी फक्त झाडणार, खिचडी वाढणार, असं धरलं तर हिशोब कधीच जमणार नाही. मी वर्ग दोन भागांत केला. अर्धी मुलं काकींबरोबर अंगणात, अर्धी माझ्याबरोबर आत, मग उलट. अकरा मुलं असली की आवाज चढवावा लागत नाही.

काकी चौथी शिकलेल्या. त्यांना वाटायचं, आपण काय शिकवणार. पण ओवळं, म्हणजे बकुळ, फुलली की त्या हिरावर फुलं ओवायच्या. मी म्हटलं, हेच घ्या. ओवळाचं फूल एवढंस्सं, मधलं भोक त्याहून बारीक. ते हिरात ओवायला अंगठा आणि पहिलं बोट असं काही एकवटावं लागतं की पेन्सिल त्यापुढे सोपी. गाऱ्हाणी, कोडी, पाळण्यातली गाणी, सगळं काकींकडे. आता काकींच्या बाजूच्या करवंट्या माझ्यापेक्षा भरलेल्या असतात, आणि त्या मला ते ऐकवतातही.

"आमचो झील लिवणा नाय"

आमचा मुलगा लिहीत नाही, हे प्रत्येक सेविकेला ऐकावं लागतं. तालुक्याला जाणारी पिवळी व्हॅन, टाय लावलेली पोरं, तीन वर्षांचं पोर पानभर ए बी सी लिहितं. आणि आपली पोरं मातीत.

वाद घालू नका. मी पालकसभेत सगळ्या आया-आज्यांना चार रेघी वही आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, डाव्या हाताने तुमचं पूर्ण नाव लिहा, रेघेच्या बाहेर जायचं नाही, एक मिनिट. मी पाठीमागे उभी राहून "चल, लवकर, नीट, काय हे!" करत होते. एकीने पेन्सिल टाकून दिली. एक आजी हसता हसता म्हणाली, "बाय, माझो हातच आयकणा नाय." म्हटलं, तीन वर्षांच्या नातवाचा उजवा हात तसाच असतो.

त्यानंतर त्यांना घरी करायची कामं दिली: भाकरीच्या पिठाचा गोळा मळायला द्या, ओलं फडकं पिळू द्या, शेंगा सोलू द्या, कोथिंबीर निवडू द्या. वर्गात चिकणमाती, कागद फाडणं, वाळूत बोटाने रेघा. पाच वर्षांनंतर, ज्याचं बोट तयार आहे त्याला मी पेन्सिल देते, आणि पहिलं अक्षर त्याच्या नावातलंच. पहिलीच्या बाई मला सांगतात की माझ्याकडची मुलं दिवाळीपर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीने लिहितात. बोलायला मात्र पहिल्या दिवसापासून पुढे असतात, त्याचा त्यांना कधीकधी वैतागही येतो.

पावसाळा

घाटावरच्या पुस्तकांत परिसर फेरी सरसकट लिहिलेली असते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कसली फेरी? पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. त्या दिवसांत मोठ्याने गोष्ट सांगून घसा फोडण्यात अर्थ नाही. पाच-सहा मुलं अंगाला चिकटून बसवा आणि हळू बोला, हातांच्या खेळांची गाणी घ्या. पाऊस थांबेपर्यंत आवाजाचाच खेळ: थेंब, धार, पन्हळ, ढग. पन्हळीखाली रिकामा डबा, प्लॅस्टिकची बादली आणि करवंटी ठेवून कुठला आवाज कशाचा ते ओळखायला लावा.

जमिनीला ओल येते. खाली प्लॅस्टिक, त्यावर गोणपाट, मग सतरंजी. आणि सकाळी मुलं यायच्या आधी काठी घेऊन कोपरे, चपलांची जागा, सतरंजीची गुंडाळी हलवून बघा. फुरसं हाताएवढंही नसतं, चिऱ्यांच्या फटीत बसतं. चावलं तर बांधाबांध, कापाकापी नको, मुलाला हलू न देता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय.

पावसाची एक चांगली गोष्ट कुणी वापरत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. म्हणजे एरवी तोंड न दिसणारे बाप घरी. त्यांना बोलवा. भाषणाला नको, कामाला. आमच्याकडे दोघे-तिघे जाळं विणायला घेऊन येतात आणि वर्गातच बसून विणतात. मुलं गाठी मोजतात, जाळ्याचे डोळे म्हणजे भोकं मोजतात, "ह्यां कित्याक?" करून हैराण करतात. आपल्या पोराशी एवढं बोलणं त्या बापांचंही कधी झालेलं नसतं. एकाने घरी जाऊन बायकोला विचारलं म्हणे, "ह्यो एवढो बोलता कधीपासून?"

जेवण आणि वजन

पूरक आहाराचं प्रमाण सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मी काय सांगणार. फक्त मुलांना स्वतः वाढून घेऊ द्या, लहान वाटीने. सांडेल. आठवड्यात कमी सांडेल. आणि जेवताना "गप जेवा" बंद करा, जेवण हा दिवसातला सगळ्यात गप्पिष्ट वेळ असतो. घरासाठी नाचणीचं सांगत राहा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आपल्या आज्या आंबील देत होत्या ते उगाच नाही. आणि सकाळचा चहा-बटर बंद करायला सांगा. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही.

वजनाची माझी एक चूक सांगते. एका जुलैत एका मुलाचं वजन ३०० ग्रॅमने वाढलेलं बघून मी खूश झाले. त्याच्या अंगात भिजलेला स्वेटर होता. पुढच्या महिन्यात वजन "घटलं" आणि आईला धक्का. तेव्हापासून कमीत कमी कपडे, तोच काटा, तीच वेळ. आकड्यापेक्षा वाढीच्या तक्त्यावरची रेघ बघा: तीन महिने आडवी गेलेली रेघ हिरव्या पट्ट्यात असली तरी घरी जाऊन बसा. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत गेला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी आशाताई आणि आरोग्य केंद्र. बंदीच्या महिन्यांत घरात पैसा नसतो, म्हणून जुलै-ऑगस्टच्या वजनांवर माझा डोळा जास्त असतो.

तीन वर्षांच्या आतली

ही मुलं आपल्याकडे येतच नाहीत. आई मासळी घेऊन बाजाराला, मूल आजीपाशी. आजी दमलेली, मोबाइल चालू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांना तासाभरापेक्षा जास्त नको. हे आजीला सांगून उपयोग नाही. मी गृहभेटीला आंघोळीच्या वेळीच जाते. आजी पायावर घेऊन तेल चोळते तेव्हा म्हणते, "आजयेनु, ह्या पायाचा नाव काय, त्याका सांगा बघूया." ती सुरू होते: ह्यो पाय, ह्यो ढोपर, ही बेंबी. बाळ हुंकार देतं, ती थांबते, परत बोलते. एवढंच हवं असतं. मासे साफ करताना एकेकाचं नाव घ्या, भरवताना फोन उलटा ठेवा. तीनच गोष्टी सांगते, चौथी सांगितली की पहिली विसरतात.

देवगड, कणकवलीत नोकरी करणाऱ्या मुली मला पाळणाघराबद्दल विचारतात. रंगीत घसरगुंडी बघू नका. न सांगता दुपारी एकला जा. रडणाऱ्या मुलाला कुणी उचललं का ते बघा. सांभाळणाऱ्या बाया वर्षभरात किती बदलल्या ते विचारा. दर चार महिन्यांनी नवीन बाई असेल तर बाकी काही विचारायची गरज नाही.

नोंदी

पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप, रजिस्टरं, फोटो पाठवा, परत पाठवा. मानधन घेणाऱ्या बाईकडून कारकुनाचं काम. तक्रार करून झाली, आता उपाय: मुलं असताना फोन पिशवीत. नोंदी मुलं गेल्यावर, एका बैठकीत. फोटो मागितलाच तर मुलं काम करत असताना काढा, ओळीत बसवून नको.

आणि तीन महिन्यांनी करवंट्या पुन्हा फळीवर मांडा. माझ्याकडे अजून कधी सगळ्या भरलेल्या नाहीत. सर्वात कमी रिकाम्या दोन होत्या, शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात.

त्या दोघींपैकी जिराफवालीचा गुरुवारी रात्री फोन आला. आवाज पडलेला. "ताई, मोजल्या. अठरातल्या अकरा रिकाम्या."

"बरं. त्या अकरांतली तीन नावं सांग."

तिने दोन लगेच सांगितली. तिसरं सांगताना अडखळली, म्हणाली, "थांबा हां, रजिस्टर बघून सांगते."

"तिच्यापासून सुरू कर," मी म्हटलं.